कर्जतला गाड्या बघायला जायचंय? मग इंजिनाकडे धावू नका, शेपटीकडे उभे राहा

रविवारी दुपारी कुठे चाललास म्हणून कोणी विचारलं आणि आपण "स्टेशनवर, गाड्या बघायला" असं सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग आपण खरंच बोलतोय हे कळल्यावर जरा काळजीने बघतो. मला आता सवय झालीये. बदलापूरला राहतो, रोज लोकलने मुंबईला जातो येतो, आणि सुट्टीच्या दिवशी परत रेल्वेच बघायला जातो हे घरच्यांनाही अजून पचलेलं नाही. पण गेल्या वर्षी माझ्या अकरा वर्षांच्या भाच्याला घेऊन गेलो कर्जतला, आणि तेव्हापासून दोनचार ओळखीच्यांनी विचारलं की नक्की करायचं काय, जायचं कधी, उभं कुठे राहायचं, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकतोय.

कर्जतच का ते आधी सांगतो. दादर-ठाण्याला गाड्या खूप पण बघायला जागा नाही, माणसांची डोकीच दिसतात. कर्जतला बोरघाट सुरू होतो, आणि घाटामुळे तिथे गाडी नुसती येऊन जात नाही, गाडीवर काम होतं. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या लांबच्या गाड्या तिथे थांबतात आणि त्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात, ज्यांना सगळे बँकर म्हणतात. हे काम आपल्या डोळ्यांसमोर, प्लॅटफॉर्मवरून, दहा रुपयांत बघायला मिळतं.

बँकर का लागतात, त्याचं गणित भाच्याला तिथेच वहीत करून दाखवलं होतं. कर्जत ते लोणावळा साधारण २८ किलोमीटर आणि तेवढ्यात गाडी साडेपाचशे मीटर वर चढते. सगळ्यात उभा चढ १:३७ चा, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. आता वीसेक डब्यांची भरलेली गाडी हजार टनांची धरा. हजार भागिले ३७, म्हणजे त्या चढावर गाडी मागे घसरू नये म्हणून नुसती धरून ठेवायलाच २७ टनांची ओढ पाहिजे, पुढे न्यायची गोष्ट वेगळीच, आणि त्यात इंजिनाचं स्वतःचं १२३ टन वजन आहेच. एकटं इंजिन कोरड्या रुळावर कसंबसं ओढेलही, पण पावसात चाकं जागच्या जागी फिरायला लागली की संपलं. शिवाय सगळी ओढ पुढूनच दिली तर पहिल्या डब्याच्या कपलिंगवर, म्हणजे जोडावर, सगळा ताण येतो. मागून इंजिनं लावली की ताण वाटला जातो, आणि देव न करो मध्येच कपलिंग तुटलं तरी मागचे डबे उताराला लागत नाहीत.

आता जायचं कधी

दुपारी दोन ते संध्याकाळी सात ही वेळ मला सगळ्यात बरी वाटते. सकाळी पुण्याला जाणाऱ्या गाड्या भरपूर असतात, पण त्या बघायच्या तर पहाटे उठून निघा, आणि सुट्टीच्या दिवशी ते माझ्याच्याने होत नाही. दुपारची मजा अशी की सुरुवातीला गाड्या कमी असतात, तेवढ्यात आपल्याला स्टेशनाचा अंदाज येतो, आणि मग साडेपाचनंतर एकामागून एक अशी रांग लागते की चहा प्यायलाही फुरसत मिळत नाही.

रविवारी जाणार असाल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक कुठे आहे ते बघून ठेवा. ब्लॉक मुंबईकडे असला तरी त्याचा धक्का कर्जतपर्यंत येतो, गाड्या उशिरा धावतात आणि आपलं सगळं वेळापत्रक कोलमडतं. घाटातच काम असेल तर गाड्या रद्द किंवा दुसरीकडून वळवलेल्या, मग तुम्ही तिथे बसून फक्त लोकल बघणार. मी शनिवारी जायला लागलोय त्यामुळे.

ऋतूचं म्हणाल तर पावसाळा एक नंबर. माथेरानच्या बाजूचे डोंगर ढगात जातात, हवा गार असते, आणि ओल्या रुळावर इंजिन सुटताना जो आवाज करतं तो उन्हाळ्यात ऐकायला मिळत नाही. पण जुलै-ऑगस्टमध्ये घाटात दरड येणं हे काही नवीन नाही, त्यामुळे निघायच्या आधी एनटीईएस ॲपवर (रेल्वेचंच, गाडी कुठे आहे ते दाखवणारं) दोनचार गाड्या खरंच धावतायत का ते बघा. मे महिन्यात गेलात तर दुपारी तीनपर्यंत तिथे भट्टी असते हे सांगून ठेवतो, भरपाई म्हणून करवंदं-जांभळं घेऊन येणाऱ्या बायका भेटतात, तेवढंच.

पोचायचं कसं

मुंबईकरांना सोपं आहे, कर्जत लोकल. इंडिकेटरवर एस लिहिलेली. सीएसएमटीहून दोन तासांच्या वर लागतात, कारण अंतर जवळपास १०० किलोमीटर आहे. खोपोली लोकलही चालते, ती कर्जतवरूनच पुढे पळसदरीला वळून खोपोलीला जाते. डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूरवाल्यांनी अर्थात मधेच पकडायची, बसायला मिळेल याची खात्री देत नाही.

पुणेकरांसाठी जरा विचार करायला लागतो. पुण्याची लोकल लोणावळ्यालाच संपते. पुढे घाट उतरायचा तर एक्सप्रेसच पाहिजे, आणि मुंबईकडे जाणारी प्रत्येक एक्सप्रेस कर्जतला प्रवाशांसाठी थांबते असं नाही, कारण उतारावर बँकर लागत नाहीत ना. त्यामुळे जाताना कुठली थांबते आणि परत येताना कुठली थांबते हे दोन्ही आधी बघूनच निघा, आणि परतीचं तिकीट जमलं तर आधीच काढा.

तिकिटाचं लक्षात ठेवा

प्लॅटफॉर्म तिकीट १० रुपयांना मिळतं आणि ते दोन तास चालतं. दोन तास म्हणजे दोनच तास. हे मी अनुभवाने सांगतोय, एका मोठ्या स्टेशनवर मी गाड्यांच्या नादात वेळ विसरलो, तिकीट काढून अडीच तास झालेले, टीसी साहेबांनी शांतपणे तिकीट बघितलं, घड्याळ बघितलं, आणि मी दंड भरला. चूक माझीच होती, भांडायला तोंड नव्हतं. त्यामुळे मोबाइलला पावणेदोन तासांचा अलार्म लावा, अलार्म वाजला की बाहेर जा, वडा खा, नवीन तिकीट काढा आणि परत या. दुपारभर दोन-तीन तिकिटं लागतील, म्हणजे एका वड्याच्या आसपासचा खर्च. आपला पास कर्जतपर्यंतचा असेल तर हा प्रश्नच नाही.

पिशवीत काय

फार काही नको. पाणी, टोपी किंवा छत्री (छत्री फक्त शेडबाहेर आणि पुलावर चुकूनही उघडायची नाही, का ते पुढे सांगतो), एक छोटी वही आणि बॉलपेन, चार्ज केलेला फोन, पॉवरबँक. दुर्बीण असेल तर घ्या, लांबून इंजिनाचा नंबर वाचायला मजा येते, नसेल तर काही अडत नाही. ट्रायपॉड घरी ठेवा, एक तर लोकांच्या पायात येतो आणि दुसरं म्हणजे ट्रायपॉड दिसला की आरपीएफवाले (रेल्वेचे सुरक्षा जवान) चौकशी करणारच.

वही मात्र खरंच न्या. फोनवर लिहू म्हणतो आणि आपण व्हॉट्सॲपवर जातो. मी वहीत असे रकाने पाडतो: वेळ, गाडीचा नंबर, पुढच्या इंजिनाचा नंबर आणि शेड (इंजिनाची देखभाल होते ते ठिकाण), डबे कुठले, बँकरचे नंबर, गाडी किती उशिरा. आणि शेवटचा रकाना मोकळा, त्यात काय वाटेल ते. भाच्याने त्या मोकळ्या रकान्यात पहिलं काय लिहिलं तर "काका झोपलेत". एक पॉइंट्समन काका (डबे-इंजिनं जोडणारे कर्मचारी) खरंच बाकावर पाय पसरून पडले होते, आणि गाडीची अनाउन्समेंट झाल्याबरोबर असे ताडकन उठले की आम्ही दोघं बघतच राहिलो.

उभं कुठे राहायचं, हा सगळ्यात मोठा मुद्दा

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काय केलं सांगतो. गाडी आली की इंजिन बघायचं एवढंच डोक्यात, म्हणून प्लॅटफॉर्मच्या लोणावळ्याच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. गाडी आली, इंजिन समोर येऊन थांबलं, मी दहाबारा फोटो काढले, गाडी गेली, आणि शेवटचा डबा समोरून जाताना बघतो तर त्याच्या मागे दोन इंजिनं लागलेली! ज्याच्यासाठी मुद्दाम प्रवास करून आलो ते सगळं पाचशे मीटर मागे होऊन गेलं होतं. तीन गाड्या मी अशा घालवल्या, मग डोक्यात प्रकाश पडला.

बँकर मागे लागतात. पुण्याला जाणारी गाडी मुंबईकडून येते, म्हणजे तिची शेपटी मुंबईच्या, भिवपुरीच्या बाजूला असते. तेव्हा त्या टोकाला जायचं. गाडी यायच्या आधी बँकरची जोडी कुठे उभी आहे ते शोधायचं, आसपासच्या एखाद्या लाइनवर दोन इंजिनं एकमेकांना जोडून उभी दिसतील, त्यांचे ब्लोअर (आतले गार करणारे पंखे) घुंघुं करत असतात त्यामुळे दिसायच्या आधी ऐकू येतील. तिथून जवळ पडेल असं प्लॅटफॉर्मवरच, पिवळ्या पट्टीच्या आत, सावलीची जागा बघून बसा.

पादचारी पूल हा दुसरा चांगला अड्डा आहे, वरून सगळं यार्ड दिसतं, कुठली लाइन कुठे जाते ते कळतं. पण वर तारेत २५ हजार व्होल्ट असतात, आणि त्याला हात लागायलाच पाहिजे असं नाही, दोन मीटरच्या आत काही गेलं तरी वीज उडी मारू शकते. म्हणून पुलावरून सेल्फी स्टिक, छत्री, बांबू, काहीही बाहेर काढायचं नाही. जाळीतून मोबाइलचा हातही बाहेर नाही.

आणि रुळात उतरायचं नाही, एवढं सांगायला नको पण सांगतो, कारण चांगला फोटो दिसला की शहाण्या माणसांची पण बुद्धी फिरते. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

बँकर लागतो तो दोन मिनिटांचा खेळ

हे नीट बघा, घाई करू नका, पहिल्या एक-दोन गाड्यांना फोन खिशातच ठेवा.

गाडी थांबते. खिडकीतले लोक वडेवाल्याला हाका मारत असतात, त्यांचं लक्ष दुसरीकडे. इकडे मागे बँकरची जोडी हळूहळू सरकत येते, खरोखर माणसाच्या चालीने. पॉइंट्समन खाली उभा राहून हाताने किंवा झेंडीने इशारा करत असतो, अजून, अजून, हळू, थांब. एक हात अंतर राहिलं की सगळं क्षणभर थांबल्यासारखं वाटतं, आणि मग खट्ट. तो धक्का आख्ख्या गाडीत पुढे जातो, मागच्या डब्यात उभ्या माणसाच्या हातातला चहा हलतो. नवीन एलएचबी डबे असतील तर मधले कपलर एकमेकांत घुसून आपोआप अडकतात. जुने निळे आयसीएफ डबे असतील तर पॉइंट्समनला मध्ये जाऊन ती जाड स्क्रू कपलिंग उचलून हुकात टाकावी लागते आणि दांडा फिरवून आवळावी लागते. उन्हात तापलेलं ते लोखंड तो बिचारा हातात फडकं गुंडाळून धरतो. मग ब्रेक पाइप जोडायचे, हवा भरली की बारीक फुस्स आवाज येतो, आणि तो बाहेर येऊन हात वर करतो.

मग वॉकीटॉकीवर बोलणं होतं, पुढून भोंगा, मागून भोंग्याचं उत्तर. इथे कान द्या. पुढचं इंजिन आपल्याला दिसतही नाही इतकं लांब असतं, पण आपल्या समोरच्या बँकरच्या पोटात खट, खट, खट असा आवाज सुरू होतो, म्हणजे ड्रायव्हर नॉच, म्हणजे जोराची एकेक पायरी, वाढवतोय. ब्लोअरचा आवाज चढतो, आणि गाडी मागून ढकलल्यासारखी सुटते. तुमच्या समोर आधी बँकर हलतात, हे बघायला फार विचित्र वाटतं. भाच्याने विचारलं होतं, "मामा, मग ही गाडी उलटी चाललीये का सुलटी?" मी म्हटलं दोन्ही.

साधारण दोन बँकर लागतात, मालगाडी असेल किंवा डबे जड असतील तर जास्त. लोणावळ्याला पोचले की सुटतात आणि परत रिकामे खाली येतात. म्हणजे अधूनमधून दोन-चार इंजिनं एकमेकांना जोडून डब्यांशिवाय घाटातून खाली येताना दिसली तर चकित होऊ नका, ती कामावरून परत येतायत आणि दहा मिनिटांत दुसऱ्या गाडीला लागणार आहेत.

जुन्या लोकांना विचाराल तर ते तारेत डीसी वीज होती त्या काळातल्या गोष्टी सांगतील. मध्य रेल्वेच्या मुंबई भागात १९२५ पासून १५०० व्होल्ट डीसी होती, ती टप्प्याटप्प्याने बदलत २०१६ ला पूर्ण गेली. डीसी असताना इथे डब्ल्यूसीजी-२ जातीची इंजिनं ढकलायला होती, आणि त्याच्याही आधी स्विस घडणीचं डब्ल्यूसीजी-१, ज्याला रेल्वेतले लोक खेकडा म्हणायचे. त्यातला एक खेकडा दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये ठेवलाय, गेलात तर आवर्जून बघा.

नंबर वाचायला शिका, मग दुपार पुरत नाही

गाडी नुसती बघून दोन तासांत कंटाळा येतो. नंबर वाचता आले की कंटाळा जातो, म्हणून एवढं पाठ करून जा.

गाडीचा नंबर पाच आकडी. १ किंवा २ ने सुरू म्हणजे लांबची गाडी, ० म्हणजे स्पेशल, ९ म्हणजे मुंबईची लोकल. जाणारी आणि येणारी अशी जोडी असते, उदाहरणार्थ डेक्कन एक्सप्रेस ११००७ आणि ११००८. १२ किंवा २२ ने सुरू झाली की ती सुपरफास्ट, निदान तिकिटावर तरी.

इंजिनाच्या बाजूला जात, नंबर आणि शेडचं नाव लिहिलेलं असतं. प्रवासी गाडीला पुढे आता बहुतेक डब्ल्यूएपी-७ दिसतं, पांढरं, लाल पट्ट्याचं, ६३५० हॉर्सपॉवरचं, नंबर बऱ्याचदा ३० किंवा ३७ ने सुरू होणारा. मागे बँकर म्हणून डब्ल्यूएजी-७ सारखी मालगाडीची इंजिनं, ५००० हॉर्सपॉवरची. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी करंट, पी म्हणजे पॅसेंजर, जी म्हणजे गुड्स, एवढं कळलं की अर्धं काम झालं. शेडचं नाव वाचायला मला सगळ्यात आवडतं. कल्याण तर असणारच, पण मध्येच एखादं अजनी, एखादं साऊथचं नाव दिसलं की हे इंजिन कुठून कुठे आलंय याचा विचार करत बसायचं.

डब्याच्या नंबरात पहिले दोन आकडे तो बनला ते साल. २२ ने सुरू म्हणजे २०२२ चा. नंबर पाच आकडी असेल तर पुढचे तीन आकडे जात सांगतात, २०१ ते ४०० च्या मधले स्लीपर, ४०१ ते ६०० जनरल, असं. लाल-राखाडी एलएचबी आणि निळे आयसीएफ यातला फरक रंगावरून नका करू, कधीकधी चकवतात, दोन डब्यांच्या मध्ये बघा. दोन बाजूंना गोल बफर असतील तर आयसीएफ, मध्ये एकच जाडजूड कपलर असेल तर एलएचबी. जुने आयसीएफ डबे बनवणं २०१८ लाच बंद झालंय, त्यामुळे निळी गाडी दिसली की जरा जास्त वेळ बघून घ्या.

शेवटच्या डब्यावर मोठा एक्स असतो तो पण बघा. तो बघून स्टेशनवाल्यांना कळतं की आख्खी गाडी आली, मध्ये डबे सुटून राहिलेले नाहीत.

घाट उतरून येणाऱ्या गाड्या नाकाने बघायच्या

पुण्याकडून येणाऱ्या गाड्यांना बँकर नसतात म्हणून लोक तिकडे लक्ष देत नाहीत, पण त्यांची मजा वेगळी. घाट उतरताना त्यांना जागोजागी थांबावं लागतं. घाटात कॅच सायडिंग आहेत, म्हणजे वर डोंगराच्या अंगाला चढत जाणारी आंधळी लाइन. गाडी तिथे थांबून ब्रेक धरतायत हे सिद्ध झालं तरच तिला पुढचा रस्ता मिळतो, ब्रेक गेलेली गाडी त्या सायडिंगवर चढून आपोआप थांबावी अशी व्यवस्था.

नवीन थ्री-फेज इंजिनं उतरताना मोटारीच जनरेटरसारख्या वापरून वीज परत तारेत सोडतात, त्यामुळे चाकांच्या ब्रेकवर कमी भार पडतो. पण जुन्या आयसीएफ डब्यांची गाडी किंवा मालगाडी उतरून आली आणि तुम्ही वाऱ्याच्या बाजूला असाल तर तापलेल्या ब्रेकचा तो जळका वास येतोच. डोळे मिटून सांगता येतं की आत्ता आली ती वरून आली.

मधल्या रिकाम्या वेळात

अडीच ते साडेचारच्या मध्ये कधीकधी चाळीस मिनिटं लोकलशिवाय काही येत नाही. नवखा माणूस इथे कंटाळून परत जातो. जाऊ नका. सिग्नल बघत बसा. पिवळा म्हणजे पुढचा लाल असणार, दोन पिवळे म्हणजे पुढचा पिवळा, हिरवा म्हणजे मोकळं रान. सिग्नल लालचा पिवळा झाला की कोण येणार याची पैज लावा. खोपोलीच्या एकेरी लाइनची लोकल कशी आत घेतात ते बघा. त्या खोपोली लाइनचा इतिहास पण भारी आहे, १८५६ ला रेल्वे खोपोलीपर्यंत येऊन थांबली, १८५८ ला तिकडे खंडाळा ते पुणे सुरू झाली, आणि मधला घाट १८६३ ला पूर्ण होईपर्यंत लोक तेवढा तुकडा पालखीत किंवा पायी चढायचे. त्या घाटाचं कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रजाकडे होतं, तो इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको ॲलिस हिने ते काम पुढे चालवलं. आज आपण लोकलमध्ये सीटवरून भांडतो.

आणि वडा. कर्जतला येऊन दिवाडकरांचा वडा खाल्ला नाही तर घरी सांगू नका. गाडी आली की विकणाऱ्यांची जी पळापळ होते तीही बघण्यासारखीच, पण तुम्ही गाडी नसताना घ्या, प्रवाशांना दोनच मिनिटं असतात.

वागायचं कसं

फोटो घरासाठी काढायचेत तर कोणी फार अडवत नाही, पण आरपीएफने विचारलं तर सरळ सांगा, छंद आहे, वही दाखवा. माझी वही बघून एकदा एक जवान पाच मिनिटं माझ्याशी त्याच्या गावच्या मीटरगेजबद्दल बोलत बसला. नको म्हणाले तर फोन खिशात, वाद नाही. ड्रायव्हरच्या डोळ्यांवर फ्लॅश मारायचा नाही, खिडकीतल्या बायका-मुलांचे फोटो काढायचे नाहीत, काम करणाऱ्या पॉइंट्समनला मध्येच प्रश्न विचारायचे नाहीत. गाडी गेल्यावर तो निवांत असतो तेव्हा पाणी विचारा, मग तो स्वतःच बोलतो.

एक मात्र करा. जाणाऱ्या गाडीखालून धूर, काही लोंबतंय, घासल्याचा विचित्र आवाज असं दिसलं तर लगेच स्टेशन मास्तरांना किंवा जवळच्या कर्मचाऱ्याला सांगा. संकोच करू नका.

साडेपाचनंतर

आता जागेवर बसा, अलार्म बंद झालेला असेल तर नवीन तिकीट घेऊनच बसा. पाचच्या आसपास पुण्याहून डेक्कन एक्सप्रेस उतरून गेलेली असते. साडेपाचच्या सुमारास सोलापूरची वंदे भारत. ही फेब्रुवारी २०२३ पासून धावते, आणि हिला बँकर लागत नाही. तिच्या निम्म्या डब्यांच्या खाली मोटारी आहेत, म्हणजे आख्खी गाडीच इंजिन. ती सर्रकन जाते आणि बँकरचे ड्रायव्हर खिडकीत कोपर टेकून तिच्याकडे बघत असतात, हे दृश्य मला फार आवडतं.

मग प्रगती एक्सप्रेस. ही कल्याणवरून येत नाही, पनवेलवरून येते, त्यामुळे भिवपुरीच्या दिशेला डोळे लावून बसलात तर फसाल. वेळा बदलत असतात, त्या ॲपवरच बघा.

आणि साडेसहा-पावणेसातच्या दरम्यान राणी. डेक्कन क्वीन, १ जून १९३० पासूनची, डायनिंग कारवाली, २०२२ पासून नवीन एलएचबी डब्यांत. ती यायच्या आधी पाच मिनिटं स्टेशनचा नूर बदलतो, बँकर आधीच तयार असतात, पॉइंट्समन काका उठून उभे असतात. आम्ही गेलो त्या दिवशी उजेड कमी होत आलेला, पाऊस बारीक पडत होता, लोणावळ्याच्या टोकाला बरीच पोरं कॅमेरे घेऊन इंजिनासाठी थांबली होती आणि मागच्या टोकाला आम्ही दोघंच. गाडी थांबली, खट्ट झालं, भोंगा, उत्तराचा भोंगा, आणि बँकर समोरून हलले. मागच्या बँकरच्या ड्रायव्हरने भाच्याला हात केला. गाडी दिसेनाशी झाली तरी तो आवाज पळसदरीच्या बाजूने बराच वेळ येत होता.

यानंतर सिंहगड एक्सप्रेस असते, थांबायचं असेल तर थांबा, पण अंधार पडल्यावर नंबर दिसत नाहीत. मुंबईकडच्या लोकल कर्जतहूनच सुटतात, बसायला जागा मिळते, पण दोन लोकलमध्ये अंतर मोठं असतं तेव्हा सुटायची वेळ आधीच बघून ठेवा. आम्ही एक चुकवली आणि पुढच्या लोकलसाठी बाकावर बसून राहिलो. भाच्याने तेवढ्यात वही पूर्ण केली. राणीच्या ओळीत पुढच्या इंजिनाचा रकाना त्याने रिकामाच सोडला होता, बँकरचे दोन्ही नंबर मात्र ठळक गिरवलेले.